साडेपाच

वीज जाऊन आली की हा डबा
१ जानेवारी १९७०ला जागा होतो,
पहाटे साडेपाचला.
आपला देश साडेपाच तास पुढं, एवढंच त्याला पाठ.
बाकी सगळं विसरून येतो.

शापोऱ्याचा धक्का, बर्फ कारखान्याची भिंत.
खाऱ्या वाऱ्यानं चारातले दोन स्क्रू खाल्लेत.
शिडी धरलीय इनास मोंतेरोनं, रात्रीच्या पहारेकऱ्यानं,
आणि सोसायटीचे हरमलकर खुर्ची सावलीत ओढून बसलेत,
मांडीवर टाईप केलेला कागद:
दोन ते चार जागेवर नव्हता.
ट्रॉलरवरचं डिझेल गेलं, सहा कॅन.
खाली सहीपुरती जागा मोकळी.

'हांव हांगाच आशिल्लों, बाये,'
इनास म्हणतो. मला नाही, शिडीला.

बर्फाच्या पेटीवर लॅपटॉप. डब्याची नोंदवही उघडते.
०५:३१ इनासचा फोन जोडला.
०७:२० सिग्नल क्षीण.
०७:२६ सिग्नल ठीक.
१०:०३ फोन गेला.
सगळं सत्तर सालचं.
'तेव्हा मी पाच वर्षांचा,' इनास म्हणतो, 'पायात चप्पल नव्हती,
फोन कुठला?'
हरमलकर हसत नाहीत. 'ही तुमची साक्ष?'

साक्षीदार खोटा नव्हता.
त्याला कुणी वेळ सांगितली नव्हती, इतकंच.
आणि ते कुणी म्हणजे मी.
मार्चमध्ये हा डबा मीच ठोकला,
वेळेचं पान कोरं सोडलं, नंतर करू म्हणून,
म्हापशाची बस चुकेल म्हणून.
हे हरमलकरांना सांगितलं नाही.
इथं लिहितेय.

मग आठवलं: कंप्रेसर.
वीज आली की म्हाबळू वहीत मांडतो, निळ्या पेन्सिलीनं,
बर्फाचा हिशेब चुकू नये म्हणून.
'लायट आयली १-१७.'
साडेपाचातून एक सतरा वजा.
चार तास तेरा मिनिटं, एवढाच त्याच्या जगाचा आणि आपल्या जगाचा फरक,
वर्षं सोडली तर.
१०:०३ म्हणजे सकाळचे पाच पन्नास.
०७:२० म्हणजे तीन वाजून सात.
'तीन सात ते तीन तेरा कुठं होतास?'
इनास कानामागे खाजवतो.
'लघवेक, बाये.'

'फोन होता,' हरमलकर म्हणाले. 'माणूस जागा होता का?'
नोंदीला आठ पातळ्या असतात.
शून्य म्हणजे घर कोसळलं, सात म्हणजे उगाच बडबड.
मी सहावर ठेवली.
जागं असण्याला पातळी नाही.

आता वेळ.
डबा विचारतो, दूरचं घड्याळ उत्तर देतं,
आणि उत्तर येईस्तोवर ते शिळं झालेलं असतं.
या काठावरून मोरजीला हाक मारावी, किती वाजले,
आणि हाकेला जायला-यायला लागला तो वेळ
निम्मा करून उत्तरात मिळवावा, तसं.
एकावर विसंबायचं नाही. तिघांना विचारायचं.
यापुढं प्रत्येक ओळीची एक प्रत म्हापशाला जाईल,
म्हणजे इथली वीज गेली
तरी बोललेलं बोललेलं राहील.

सेव्ह.
एका ओळीतून पुढच्या ओळीत
पन्नासहून जास्त वर्षं गेली, आवाज न करता.
११:४२:०९. घड्याळ जुळलं.

हरमलकरांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली.
फाडला नाही.
इनासनं मनगट पुढं केलं. त्याचं घड्याळ सात मिनिटं पुढं.
'लावून देऊ?'
'नाका,' तो म्हणाला,
आणि शिडी खांद्यावर घेऊन
त्या सात मिनिटांत निघून गेला.